कुत्रीची नसबंदी कधी करावी?
कुत्री माजावर असताना नसबंदी टाळा. तेव्हा गर्भाशयाचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्तस्राव जास्त होऊ शकतो. माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबा. पिल्लं नकोच असतील तर मात्र वर्षानुवर्षं लांबवू नका. उतारवयात गर्भाशयात पू होऊ शकतो आणि ते जिवावर बेतू शकतं. लॅब्रेडॉरसारख्या मोठ्या जातींचं वय डॉक्टरांशी बोलूनच ठरवा, त्यांची हाडं उशिरा भरतात.

नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत शस्त्रक्रिया केली तर घरी आल्यावर तिला नुसत्या फरशीवर झोपवू नका. भुलीमुळे अंग गार पडतं, खाली गोधडी हवीच. टाके 10 ते 14 दिवस कोरडे ठेवा, आंघोळ नाही. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर दया येऊन काढू नका. टाके चाटून उसवायला एक रात्र पुरते. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर ताबडतोब दवाखाना गाठा.