नऊ नंबरचा सेल
आमच्या सोलरच्या १६ सेलच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीनं महिनाभर डोकं उठवलं. ऊन चढलं की इन्व्हर्टर कोकलायचा, ‘बॅटरी हाय व्होल्टेज’. शेवटी मोबाइलवर बीएमएसचं, म्हणजे सेलवर नजर ठेवणाऱ्या सर्किटचं, ॲप उघडून बसलो. पंधरा सेल ३.४५ व्होल्टच्या आसपास, नऊ नंबरचा मात्र ३.६५ ला, म्हणजे सेलच्या कमाल मर्यादेला टेकलेला! बसवणाऱ्यानं चार्जिंग ५८.४ व्होल्टवर ठेवलं होतं, म्हणजे प्रत्येक सेल अगदी काठोकाठ. बीएमएसची मर्यादाच वाढवायचा मोह झाला, पण ती तर सेलची राखण. तिला हात लावला नाही. इन्व्हर्टरमध्ये चार्जिंग ५६ वर आणलं, फ्लोट (बॅटरी भरल्यावर टिकवायचं व्होल्टेज) ५४ वर, आणि बीएमएसमध्ये बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल एका पातळीला आणणं, ३.४० व्होल्टपासून सुरू केलं. पहिले दोन दिवस अलार्म वाजलाच. मग नऊ नंबर हळूहळू रांगेत आला. आता फरक ०.०२ व्होल्ट.