जीएसटी नंबर नसताना ऑनलाइन विक्री: मार्केटप्लेसच्या फीवरचा कर किमतीत कसा धरावा

भांडी बाजारातून समया-निरांजनं उचलायची आणि घरून ऑनलाइन विकायची, असा धंदा करणारे नाशिकमध्ये अनेक जण आहेत. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत, म्हणून जीएसटी नंबर नाही. त्यांना हमखास मिळणारा सल्ला म्हणजे "नंबर नाही ना, मग कर नाही." हा सल्ला देणाऱ्याने सेटलमेंटचा कागद, म्हणजे फी कापून हातात किती आले त्याचा हिशेब, कधी नीट वाचलेला नसतो. तुम्ही गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेत नाही, इतकंच खरं. मार्केटप्लेस, म्हणजे ज्या साइटवर तुम्ही माल विकता ती, तुम्हाला सेवा देतं, त्या सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो तुमच्याच पैशातून कापला जातो.

आधी जीएसटी पोर्टलवर पॅन आणि धंद्याचा पत्ता देऊन एनरोलमेंट नंबर घ्या. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीशिवाय मार्केटप्लेसवर माल विकायची सोय आहे ती याच नंबरावर. विक्री मात्र महाराष्ट्रातच करता येते. गडचिरोलीला पार्सल जाईल, जवळच्या सापुताऱ्याला नाही, कारण ते गुजरातेत आहे.

मग मार्केटप्लेसच्या फीचा तक्ता उतरवून घ्या.

आता किंमत ठरवणं. बहुतेकांचं गणित इथेच फसतं, म्हणून कागद-पेन घेऊन बसा. समजा समई ६०० रुपयांना लावली. कमिशन १० टक्के म्हणजे ६०, ठरावीक फी २०, शिपिंग ७०. एकूण फी १५०. जीएसटी या १५० वर लागतो, ६०० वर नाही. तो झाला २७. कापले गेले १७७, हातात आले ४२३. (आकडे समजण्यापुरते धरलेत. तुमच्या मालाचे दर वेगळे असतील.)

पण किंमत अशी वरून खाली येत ठरवू नका. हातात किती हवेत तिथून सुरुवात करा. ४५० हवे असतील तर ४२३ ला कमी पडणारे २७ किमतीत वाढवून भागत नाही, कारण किंमत वाढली की कमिशन वाढतं आणि त्यावरचा करही वाढतो. १० टक्के कमिशन करासकट ११.८ टक्के पडतं, म्हणजे किमतीच्या प्रत्येक रुपयातले ०.८८२ उरतात. ९० रुपयांची ठरावीक फी आणि शिपिंग करासकट १०६.२० होतात. म्हणून ४५० मध्ये १०६.२० मिळवा आणि आलेल्या ५५६.२० ला ०.८८२ ने भागा. उत्तर येतं सुमारे ६३१. समई ६३१ लाच लावा. माल परत आला तर परतीच्या शिपिंगवरही कर लागतो, तेव्हा परतीचं प्रमाण जास्त असलेल्या वस्तूला थोडी जागा आणखी ठेवा.

"तो १८ टक्के नंतर परत मिळतो" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, नियमित नोंदणी असलेल्यालाच मिळतं, कंपोझिशनवाल्यालाही (छोट्या व्यापाऱ्यांच्या सोप्या कर योजनेत असलेल्यालाही) नाही. तुमच्यासाठी हा कर म्हणजे निव्वळ खर्च आहे. बिलावर तो ९ अधिक ९ (केंद्राचा आणि राज्याचा) असा दिसो की एकरकमी १८, तुम्हाला फरक पडत नाही. आणि हा खर्च भरून काढायला गिऱ्हाइकाच्या बिलात जीएसटीची वेगळी ओळ कधीही घालू नका. नोंदणी नसताना कर गोळा करणं बेकायदेशीर आहे. जे वसूल करायचं ते किमतीतच.

दर महिन्याला मार्केटप्लेसचं फीचं बिल उतरवून ठेवा, प्राप्तिकराच्या हिशेबात खर्च दाखवायला लागतं. ४० लाखांची मर्यादा मोजताना बँकेत आलेले ४५० धरू नका, ६३१ धरा, आणि त्याच पॅनवर दुकानातली रोख विक्री असेल तर तीही त्यात मिळवा.