स्क्रीनशॉटची चळत नको, मूळ फाईल आणा

मागच्या पावसाळ्यात बेळगावच्या उद्यमबागेतले एक जॉबवर्कवाले मामा दुकानात आले ते रंगीत प्रिंटची चळत घेऊनच. पार्ट करून दिले, पैसे थकले, आणि सगळा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपवर. "एवढे स्क्रीनशॉट आहेत की, अजून काय पाहिजे?" म्हणाले. मी विचारलं, "मामा, तो फोन कुठाय?" फोन त्यांनी दिवाळीतच एक्सचेंजमध्ये देऊन टाकला होता.

बेळगाव कोर्टाजवळ माझं टायपिंग-डीटीपीचं दुकान आहे. मी वकील नव्हे. कायद्याचं वकिलांना विचारा, पण पुराव्याची फाईल कोर्टात कुठल्या रूपात न्यायची हे माझ्या टेबलावर रोज ठरतं.

1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला. फोन-कॉम्प्युटरमधल्या पुराव्याच्या प्रतीसोबत जोडायच्या जुन्या 65-ब च्या दाखल्याची जागा आता कलम 63 च्या दाखल्यानं घेतली. त्याचे दोन भाग: एक आपण भरायचा, दुसरा तज्ज्ञानं. त्यात यंत्राचा मेक, मॉडेल, सीरियल नंबर, आयएमईआय एवढंच काय, रंगसुद्धा विचारतात. दाखला किती महत्त्वाचा हे जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात दिसलं. उमेदवारी अर्ज वेळेत आले का, हा वाद निवडणूक कार्यालयातल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणावर येऊन ठेपला होता. मूळ यंत्रच कोर्टात आणणार नसाल तर दाखला हवाच, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये सांगितलं.

म्हणून माझा हिशोब असा: मूळ फाईल जशी आहे तशी एका फोल्डरमध्ये, आणि कोर्टात साहेबांना वाचायला-ऐकायला सोपी प्रत दुसऱ्यात. ई-फायलिंगला पीडीएफ लागते म्हणून लोक पीडीएफ करतात आणि मूळ पुसून टाकतात. तिथंच घोळ होतो.

व्हॉट्सअ‍ॅपचं चॅट 'एक्स्पोर्ट' करा, मीडियासकट. टेक्स्ट फाईल मिळते. तिच्यात समोरच्याचा नंबर येत नाही, तुम्ही सेव्ह केलेलं नाव येतं. 'तंबाखू निपाणी' असं सेव्ह केलं असेल तर पानभर तेच. म्हणून नंबर दिसणाऱ्या कॉन्टॅक्टच्या पानाचा स्क्रीनशॉट सोबत ठेवा; स्क्रीनशॉट कामाचा तो इथं. आणि ती टेक्स्ट फाईल उघडून शुद्धलेखन सुधारू नका! आमच्याकडचं चॅट म्हणजे मराठी वाक्य, कन्नड शेपूट आणि इंग्रजी अक्षरं. ते तसंच राहू द्या, कन्नड किंवा इंग्रजी भाषांतर वेगळ्या कागदावर जोडता येतं.

फोटो साध्या पद्धतीनं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की तो दाबला जातो आणि कधी, कुठं काढला ही आतली माहिती निघून जाते. खानापूरकडच्या बांधाच्या भांडणात तीच तर हवी असते. केबल लावून फोनमधून थेट काढा, नाहीतर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आयफोनची एचईआयसी फाईल सगळीकडं उघडत नाही. तिची जेपीजी करा, पण जास्तीची प्रत म्हणून. व्हॉइस नोटची ओपस फाईल आणि तिची एमपी3, हेही तसंच.

सीसीटीव्हीचं मात्र घाईचं. डिस्क भरली की डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) जुन्यावरच नवं लिहितो, त्यामुळं आठवड्यानं जाऊन चालत नाही. पुष्कळ डीव्हीआर डीएव्ही नावाची फाईल देतात, ती साध्या प्लेअरवर चालेलच असं नाही. तरी तीच घ्या, सोबत तिचा प्लेअर घ्या आणि बघायला एमपी4 वेगळी. पडद्याचा मोबाईलवर काढलेला व्हिडिओ घेऊन येणारे अजून आहेत. फाईल 4 जीबीच्या वर असेल तर एफएटी32 पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह ती घेत नाही. जागा असूनही कॉपी अडते आणि लोक पेनड्राइव्हला शिव्या घालतात. डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक वेळा चुकलेलं असतं. त्याच्या पडद्याशेजारी मोबाईलचं घड्याळ धरून एक फोटो काढा, फरक लिहून ठेवा.

आता आमचा सीमाभागाचा खास रोग: फॉन्ट. जुना करारनामा श्रीलिपीच्या मराठी फॉन्टात, ग्रामपंचायतीचं पत्र नुडीच्या कन्नड फॉन्टात. तीच वर्ड फाईल धारवाडच्या वकिलांच्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसता किडामुंगीचा बाजार. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथंच बसून, फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा. कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून देणारे प्रोग्राम आहेत, मीही वापरतो, पण जोडाक्षरं इकडची तिकडं होतात. गट नंबरशेजारचं नाव बदललं तर काय सांगणार? बदललेली फाईल मूळ म्हणून देऊ नका.

हिशेबाची एक्सेल एक्सेल म्हणूनच ठेवा. पीडीएफमध्ये सूत्रं दिसत नाहीत, नुसते आकडे दिसतात.

सगळं जमलं की प्रत्येक मूळ फाईलचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढा. विंडोजमध्ये त्यासाठी सर्टयुटिल नावाचा प्रोग्राम असतो, त्यात एसएचए-256 ही पद्धत निवडली की 64 अक्षरांची ओळ येते. फाईलचं नाव बदललं तर ओळ तीच राहते. आत एक स्पेस वाढली तर सगळी बदलते. दाखल्याच्या नमुन्यात तिला जागा आहे आणि हॅशचा रिपोर्ट जोडायचा असतो. मग एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी करा, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा. आणि मूळ फोन विकू नका, फॉरमॅट मारू नका.

मामांचं काम शेवटी ईमेलवर आलं. डिलिव्हरी चलनं त्यांच्या पोरानं समोरच्याला मेल केली होती आणि त्यानं उत्तरात 'माल मिळाला' लिहिलं होतं. मेलची प्रिंट न काढता ईएमएल फाईलच उतरवून घेतली, कारण मेल कुठल्या सर्व्हरवरून कधी निघाला ते सांगणारं हेडर तिच्यातच असतं. ती रंगीत चळत अजून माझ्या कपाटावर पडून आहे, मामा न्यायला आलेले नाहीत.