सिग्विनच्या टेस्ट बिल्डमध्ये प्रोसेस अडकली तर काय करायचं

प्रोसेस हँग झाली की आपला हात आपोआप कंट्रोल-सीवर जातो, त्याने नाही जमलं तर विंडोची फुली, तरीही नाही तर टास्क मॅनेजर. स्टेबल व्हर्जनवर हे चालून जातं, पण टेस्ट बिल्डवर, म्हणजे अजून चाचणीत असलेल्या व्हर्जनवर, असाल तर थोडा दम धरा. अडकलेली प्रोसेस हाच एकमेव पुरावा असतो, आणि असले हँग बऱ्याचदा टायमिंगचे असतात, आत्ता झाला म्हणजे परत मागाल तेव्हा होईलच असं नाही.

सिग्विन ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. विंडोजवर युनिक्सचे प्रोग्रॅम चालावेत म्हणून १९९५ मध्ये सिग्नस कंपनीत स्टीव्ह चेंबरलेन यांनी हे काम सुरू केलं, पुढे सिग्नस रेड हॅटकडे गेली. तुम्ही सिग्विन कधी टाकलं नसेल पण गिट फॉर विंडोजची बॅश वापरत असाल तर तिच्याखाली ह्याच कोडपासून निघालेली एमएसवायएसची डीएलएल (प्रोग्रॅमबरोबर मेमरीत लोड होणारी लायब्ररी फाइल) आहे, त्यामुळे खालचं बरंचसं तिथेही चालतं.

आणि एक, कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत टाका, जिथे कॅपिटल लागतं तिथे तसं सांगितलंय.

आधी तयारी. सिग्विनच्या सेटअपमध्ये सगळ्याच पॅकेजची टेस्ट व्हर्जन घेऊ नका, फक्त सिग्विन नावाच्या पॅकेजसमोरच्या यादीतून टेस्ट लिहिलेलं व्हर्जन निवडा, आणि लगेच त्याच नंबरचं सिग्विन-डीबगइन्फो पण घ्या. नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, नाहीतर डीबगर (चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन) फंक्शनची नावं चुकीची दाखवेल आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसाल. त्यातूनही बरं म्हणजे टेस्टसाठी वेगळ्या फोल्डरमध्ये दुसरं सिग्विनच टाकायचं. दोन्ही इन्स्टॉलेशन एकमेकांच्या प्रोसेस बघत नाहीत, म्हणजे टेस्टमधलं काही गळपटलं तरी रोजचं काम चालू राहतं.

टेस्ट व्हर्जन टाकलं की सिग्विनची डीएलएल बदलते, त्याआधी सिग्विनचं सगळं बंद करा, एसएसएचडी (रिमोट लॉगिनसाठीचं) किंवा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारं) सर्व्हिस म्हणून चालू असेल तर तेही. हे लोक हमखास विसरतात, मग जुन्या प्रोसेसच्या मेमरीत जुनी डीएलएल आणि नव्या प्रोसेसमध्ये नवी, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. असला हँग म्हणजे बग नव्हे. झाल्यावर ‘यूनेम -आर’ चालवून बघा, टेस्ट बिल्डच्या नंबरमध्ये मधोमध शून्य-डॉट-काहीतरी आणि पुढे जी ह्या अक्षरानंतर गिट कमिटचा हॅश (कोडमधला नेमका कोणता बदल ते ओळखायचा नंबर) असतो. तो कॉपी करून ठेवा, शेवटी लागतो.

आता खरोखर अडकलंय का ते बघू. दुसरी टर्मिनल विंडो उघडून ‘पीएस’ चालवा. ओळीच्या अगदी सुरुवातीला कधीकधी एक अक्षर दिसतं: एस म्हणजे प्रोसेस थांबवलेली आहे, बहुधा चुकून कंट्रोल-झेड दाबलं गेलंय, आय म्हणजे ती कीबोर्डवरून काहीतरी यायची वाट बघतेय. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात. पुढे पीआयडी, पीपीआयडी, पीजीआयडी आणि विनपीआयडी असे कॉलम आहेत. पीआयडी म्हणजे प्रोसेसचा सिग्विनमधला नंबर, पीपीआयडी तिला सुरू करणाऱ्या पालक प्रोसेसचा, पीजीआयडी तिच्या गटाचा, विनपीआयडी तिचा विंडोजमधला. पीआयडी आणि विनपीआयडी दोन्ही लिहून घ्या, कारण काही साधनांना हा लागतो काहींना तो.

मग पीपीआयडी बघत बघत साखळीच्या शेवटापर्यंत जा. स्क्रीनवर मेक (प्रोग्रॅम बिल्ड करणारी कमांड) अडकलेलं दिसतं पण ते बिचारं आपल्या मुलाची, म्हणजे त्यानेच सुरू केलेल्या प्रोसेसची, वाट बघत बसलेलं असतं, मूल असतं एखादं एसएच, आणि त्याचंही मूल कुठलंतरी सेड. खरा गुन्हेगार बहुतेक वेळा सगळ्यात खालची प्रोसेस असते, तिच्याकडे लक्ष द्या.

टास्क मॅनेजरमध्ये त्या विनपीआयडीचा सीपीयू किती ते बघा. शून्य असेल तर कुठल्यातरी लॉकसाठी (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) किंवा पाइपसाठी (एका प्रोसेसचा डेटा दुसरीकडे नेणारी नळी) झोपलीय. एक अख्खा कोअर खात असेल (आठ कोअरच्या मशिनवर साधारण १२-१३ टक्के दिसतात) तर आत लूपमध्ये फिरतेय. दोन्हींचा तपास वेगळा.

इथे एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. लिनक्समध्ये सिग्नल (प्रोसेसला पाठवलेली ‘थांब’, ‘संप’ अशी सूचना) पोचवायचं काम कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, करतो, सिग्विनला स्वतःचा कर्नलच नाही. जे काही आहे ते प्रत्येक प्रोसेसमध्ये लोड झालेल्या डीएलएलमध्ये, आणि सिग्नल घ्यायला प्रत्येक प्रोसेसमध्ये एक वेगळा थ्रेड (प्रोसेसच्या आत समांतर चालणारा कामाचा धागा) असतो. तोच थ्रेड अडकला तर ‘किल -९’ (प्रोसेस जबरदस्तीने मारायचा सिग्नल) पण घ्यायला कोणी नाही! म्हणून सिग्विनमध्ये किल -९ ने न मरणारी प्रोसेस दिसली तर तो त्रास नाही, माहिती आहे, सिग्नलवाल्या भागातच गडबड असल्याचा तगडा इशारा आहे. नोंद करून ठेवा. अशीच गंमत ठरलेली वेळ संपली की प्रोसेस थांबवणाऱ्या ‘टाइमआउट’ कमांडची, तीही सिग्नलच पाठवते, त्यामुळे तिच्या भरवशावर रात्रभर टेस्ट लावून झोपलात तर सकाळी टाइमआउट स्वतःच अडकलेली सापडू शकते.

आता मुख्य काम, स्टॅक काढणं, म्हणजे थ्रेड आत्ता कोणत्या फंक्शनमध्ये आहे आणि तिथे कुठून कुठून आला त्याची यादी. माझ्या मते हँगच्या तपासात हीच पायरी खरी, बाकीच्या हिच्या आजूबाजूला. जीडीबी हा डीबगर चालवा, हायफन-पी देऊन पुढे विनपीआयडी टाका. जोडलं गेलं की जीडीबी तुम्हाला डीबीजीब्रेकपॉइंट नावाच्या फंक्शनमध्ये उभं करतो. तो थ्रेड विंडोजने डीबगरसाठी नुकताच घुसवलेला असतो, तुमच्या प्रोग्रॅमचा नव्हेच, पण नवीन माणूस तिथे बीटी (स्टॅक दाखवायची कमांड) मारतो, काहीतरी असंबद्ध दिसतं आणि सोडून देतो. त्याऐवजी ‘थ्रेड अप्लाय ऑल बीटी’ चालवा, म्हणजे सगळ्या थ्रेडचे स्टॅक येतात. सगळं फाइलमध्ये ठेवा, ‘डिटॅच’ करून बाहेर पडा, काही सेकंद थांबा आणि परत एकदा तेच करा. दोन्ही वेळचे स्टॅक हुबेहूब सारखे असतील तर अडकलीय, बदलत असतील तर फिरतेय.

वाचायचं कसं? एनटीडीएलएल आणि कर्नलबेस ह्या विंडोजच्या डीएलएलच्या ओळींत प्रश्नचिन्हं दिसली तर घाबरू नका, त्यांचे सिम्बॉल (फंक्शनच्या नावांची माहिती) जीडीबीकडे नसतात. सिग्विनच्या डीएलएलमधली फंक्शन वाचा. ज्याच्या स्टॅकमध्ये वेट_सिग हे फंक्शन दिसतं तो सिग्नल घेणारा थ्रेड, तो रीडफाइलमध्ये बसलेला असेल तर ते नॉर्मल आहे, त्याचं कामच ते, पाइपवर सिग्नलची वाट बघायची. तो दुसरीकडेच कुठेतरी थांबलेला असेल तर कान टवकारा. म्यूटो हे सिग्विनचं आतलं लॉक, एखादा थ्रेड म्यूटो घ्यायच्या ओळीवर उभा दिसला तर ते लॉक कोणत्या थ्रेडने धरून ठेवलंय आणि तो कशाची वाट बघतोय ते शोधा, दोघं एकमेकांची वाट बघत असतील तर डेडलॉक हातात आला. अडकलेली प्रोसेस पाइपवर लिहीत असेल तर पाइपच्या दुसऱ्या टोकाच्या प्रोसेसचाही स्टॅक काढा, एकट्या बाजूवरून काही कळत नाही.

जीडीबी हा पण सिग्विनचाच प्रोग्रॅम, हे मात्र विसरू नका. कधीकधी इतकं बिघडतं की नवीन सिग्विन प्रोसेस सुरूच होत नाही, जीडीबी पण लटकतो. अशा वेळी विंडोजकडून या. प्रोसेस एक्सप्लोररमध्ये थ्रेडचे स्टॅक दिसतात, फक्त सिग्विनच्या आतल्या फंक्शनची नावं त्याला कळत नाहीत, जवळचं कुठलंतरी नाव आणि पुढे मोठा आकडा दाखवतो, त्या नावावर विश्वास ठेवू नका. टास्क मॅनेजरमध्ये वेट चेनचं विश्लेषण करायची सोय आहे, तीही बघा.

स्ट्रेस (इंग्रजीत एस आणि पुढे ट्रेस, प्रोग्रॅम सिग्विनच्या आत काय काय करतोय ते छापणारं साधन) वापरायचा तो दुसऱ्या फेरीत. आधीच झोपलेल्या प्रोसेसला जोडलात तर बहुतेक काहीच छापणार नाही, आणि विंडोजवर एका वेळी एकच डीबगर जोडता येतो म्हणून जीडीबी चालू असताना स्ट्रेस लागणारच नाही. कमांड पहिल्यापासून स्ट्रेसखाली चालवा, हायफन-ओ देऊन लॉग फाइलमध्ये काढा. लॉग भराभर फुगतो, तो शेवटाकडून वाचायचा. प्रत्येक ओळीतला पहिला आकडा म्हणजे आधीच्या ओळीनंतर किती मायक्रोसेकंद गेले, दुसरा सुरुवातीपासूनचे, मग चौकटी कंसात थ्रेडचं नाव. पहिल्या कॉलममध्ये अचानक लाखोंचा आकडा दिसला तर तिथे गाडी थांबली होती. स्ट्रेसमुळे सगळं मंद होतं आणि टायमिंगचा हँग कधीकधी गायबच होतो, तसं झालं तर तेही लिहून ठेवा.

बगला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा. अँटिव्हायरस: फोर्कची (प्रोसेसची प्रत काढायची युनिक्सची पद्धत) नक्कल करताना सिग्विन मेमरीत बरीच उलथापालथ करतं आणि असली सॉफ्टवेअर मध्ये नाक खुपसतात, सिग्विनवाल्यांनी अशा सॉफ्टवेअरची यादीच ठेवलीय, तिला ब्लोडा म्हणतात. दुसरं, ऑफिसचा लॅपटॉप घरी आणलाय आणि ऑफिसच्या युजरची माहिती ठेवणाऱ्या डोमेन सर्व्हरपर्यंत पोचता येत नाहीये, मग युजरचं नाव शोधण्यातच वेळ जातो आणि वाटतं बॅश अडकली. तिसरं, मिनटीटीमध्ये (सिग्विनच्या टर्मिनल विंडोत) विंडोजचा नेटिव्ह प्रोग्रॅम चालवताना हँग होत असेल तर सिग्विन (सगळी अक्षरं कॅपिटल) नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ‘डिसेबल_पीकॉन’ टाकून नवीन विंडोत परत बघा, सुटलं तर गडबड स्यूडो कन्सोलच्या (अशा प्रोग्रॅमला खऱ्या कन्सोलचा भास देणारी विंडोजची सोय) बाजूला आहे.

सगळं गोळा झालं की मगच मारा. बॅशच्या आतल्या किलला हायफन-एफ समजत नाही, म्हणून पूर्ण पाथ देऊन बिन फोल्डरमधला किल वापरा, तो हायफन-एफ दिल्यावर गरज पडल्यास थेट विंडोजकडून प्रोसेस संपवतो. मारायच्या आधी ‘डंपर’ने कोअर फाइल (प्रोसेसच्या मेमरीची प्रत) काढायची असेल तर हायफन-एन लक्षात ठेवा, नाहीतर डंप काढून झाल्यावर डंपरच प्रोसेस संपवतो.

सिग्विनच्या डेव्हलपरना कळवताना यूनेमचा पूर्ण आउटपुट, ‘सिगचेक -एसव्हीआर’ची (इन्स्टॉलेशनची माहिती काढणारी कमांड) फाइल, दोन्ही वेळचे स्टॅक आणि जमलं तर दहा-वीस ओळींचा प्रोग्रॅम किंवा स्क्रिप्ट द्या ज्याने हँग होतो, डेव्हलपर ह्याला एसटीसी (सिंपल टेस्ट केस) म्हणतात आणि त्याच्यासाठी जीव टाकतात. सिगचेकच्या फाइलमध्ये तुमचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आणि युजरनेम येतात, टोकन-पासवर्ड असतील तर पाठवायच्या आधी पुसा. आणि सेटअपच्या यादीत आधीची टेस्ट व्हर्जन शिल्लक असतील तर एकेक मागे जाऊन बघा, कोणत्या बिल्डपर्यंत चाललं आणि कोणत्यापासून बिघडलं, ते दोन हॅश दिलेत तर त्यांना मधले मोजकेच कमिट बघावे लागतात.