गाडीवर वॅक्स जास्त लागलं? घासू नका, विरघळवा

जास्त वॅक्स म्हणजे जास्त चमक, हा समज चुकीचा आहे. पेंटला धरून राहतो तो वॅक्सचा अगदी पातळ थर. त्यावरचं सगळं शेवटी फडक्यातच जायचं असतं. पेस्ट वॅक्समध्ये कार्नौबासारखं कडक मेण असतं आणि ते लावता यावं म्हणून त्यात पेट्रोलियम सॉल्व्हंट मिसळलेलं असतं. लावल्यावर सॉल्व्हंट उडून जातं आणि मेण मागे राहतं. थर जाड असला की वर साय धरते आणि सॉल्व्हंट खाली अडकतं. मग पुसायला गेलं की वॅक्स निघायच्या ऐवजी नुसतं पसरत राहतं. तोच जाड थर उन्हात कडकडीत वाळला, तर फडकं जागचं हलत नाही.

दोन्ही वेळा हात आपोआप जोर लावतो, आणि खरं नुकसान तिथेच होतं. पेंटवरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो. कोरड्या फडक्यात अडकलेली धूळ त्यावर जाळीसारखे बारीक ओरखडे पाडते. वॅक्स निघून जाईल, ओरखडे मात्र राहतील. म्हणून पुढच्या प्रत्येक उपायात वॅक्स आधी मऊ करायचं आणि मगच उचलायचं.

आधी ओळखा: हे वॅक्सच आहे का?

बोअरच्या पाण्याने गाडी धुतली असेल तर बॉनेटवर गोल पांढरे डाग राहतात. ते वॅक्स नव्हे, क्षार. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने एक डाग पुसून बघा. डाग गेला तर अडचण पाण्याची होती. ती जागा लगेच साध्या पाण्याने धुवा. टॉर्चच्या उजेडात कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसल्या तर ते ओरखडे आहेत, त्यांना पॉलिशच लागतं. बोट फिरवल्यावर ठसा उमटला, तेलकट इंद्रधनुषी झाक दिसली किंवा पांढुरके पट्टे दिसले, तर वॅक्सच जास्त झालंय.

ओलं, फरफटणारं वॅक्स

गाडी सावलीत, वारा येईल अशा जागी घ्या आणि २०-३० मिनिटं हात लावू नका. मग स्वच्छ बोट एकदा ओढून बघा. बोटाखाली चकचकीत पेंट दिसला तर पुसायला घ्या. चिकट रेघ उठली तर अजून थांबा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळी दमट हवेत डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो, आणि तिथेच लोकांचा धीर सुटतो.

पुसायला ३०० ते ४०० जीएसएमचं (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) मायक्रोफायबरचं फडकं घ्या. दोनदा घडी घातली की दोन्ही बाजू आणि आतल्या घड्या धरून ८ स्वच्छ बाजू मिळतात. एका बाजूने वॅक्स उचला, दुसऱ्या बाजूने शेवटचा हात मारा. फडकं भरलं की बदला. भरलेलं फडकं वॅक्स उचलत नाही, परत लावतं. तास-दोन तासांनी पुन्हा बघा, कारण जाड थरातला उरलेला तेलकटपणा उशिरा वर येतो. तो अगदी हलक्या हाताने निघतो.

कडक वाळलेलं वॅक्स

इथे सगळ्यात चांगला उपाय बहुतेकांना उलटा वाटतो: त्यावर तेच वॅक्स पुन्हा लावायचं. नव्या वॅक्समधलं सॉल्व्हंट जुना थर मऊ करतं. एका वेळी साधारण ३० बाय ३० सेंटिमीटरचा भाग घ्या, वाटाण्याएवढं वॅक्स ओलसर पॅडवर घेऊन १०-१५ सेकंद फिरवा आणि वाळू न देता लगेच पुसा. मग पुढचा भाग. अख्ख्या बॉनेटवर एकदम लावलंत तर पुन्हा तीच अडचण उभी राहील. पट्टे हलकेच असतील तर क्विक डिटेलर स्प्रेचे (धुतलेल्या गाडीवर मारून पुसायचा फवारा) एक-दोन फवारेही पुरतात.

थरांवर थर साचले असतील तर

महिनोनमहिने जुना थर न काढता नवा चढवत गेलं की पांढरी गाडी पिवळसर आणि काळी धुरकट दिसते. तेव्हा सगळं काढून नव्याने सुरुवात करणंच बरं.

आधी गाडी शाम्पूने धुऊन पूर्ण कोरडी करा. धुळीवर पुसायचं नाही. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचं पातळ मिश्रण करा. ७० टक्क्यांचं १०० मिलि आणि डिस्टिल्ड वॉटर ३७० मिलि घेतलं की साधारण १५ टक्क्यांचं होतं. गॅरेजात बॅटरीत भरायला मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं, पण बाटलीवर ॲसिड लिहिलेलं नाही हे आधी बघा. यापेक्षा तीव्र करू नका, कारण ते लगेच उडून जातं, फडकं कोरडं पडतं आणि पेंट घासला जातो. सॅनिटायझर जेल वापरू नका, त्यातली ग्लिसरीन पेंटवर राहते.

पॅनेल थंड असताना फवारा मारा, १५-२० सेकंद थांबा, एकाच दिशेने पुसा. जाड जागी दोन-तीनदा करावं लागेल. एवढ्यानेही हटलं नाही तर पेंटच्या दुकानात मिळणारं मिनरल टर्पेंटाइन फडक्यावर थोडंसं घ्या. आधी दाराच्या आतल्या कडेला करून बघा आणि नंतर तो भाग शाम्पूने धुवा. एनसी थिनर आणि पेट्रोल अजिबात नको. नुकतंच डेंटिंग-पेंटिंग झालेल्या पॅनेलवर यातलं काहीच वापरू नका. ताजा पेंट आतून कडक व्हायला आठवडे लागतात.

वॅक्स गेलं का, ते पाणी सांगतं. थेंब गोल उभे राहिले तर थर अजून आहे. पाणी चादरीसारखं सपाट पसरलं तर पेंट मोकळा झाला.

काळं प्लास्टिक, बॅज आणि काच

बंपरच्या खरखरीत काळ्या प्लास्टिकवरचे पांढरे डाग सर्वांत चिवट असतात, कारण मेण त्याच्या बारीक खड्ड्यांत बसतं. ऑल-पर्पज क्लीनरचा एक भाग, पाणी दहा भाग आणि जुना मऊ टूथब्रश घ्या. घासा, ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा घासा. बरेचदा साधा पांढरा खोडरबरही काम करतो. हेअर ड्रायरने कोमट करून पुसलं तर मेण सुटतं, पण क्लीनर वॅक्स (पॉलिशची पूड मिसळलेलं वॅक्स) असेल तर पांढरं राहिलेलं मेण नसून ही पूड असते. ती उष्णतेने वितळत नाही, ब्रशनेच काढावी लागते. बॅजच्या अक्षरांतल्या फटींनाही तोच ब्रश.

पुढच्या काचेवर वॅक्स गेलं असेल तर उशीर करू नका. रात्री पावसात समोरच्या गाडीचा लाइट फुटून पसरतो आणि वायपर थरथरत चालतो. काच वरच्या अल्कोहोलच्या मिश्रणानेच दोनदा पुसा, आणि वायपरच्या रबराची कडाही त्याच फडक्यात चिमटीत धरून ओढा. नाहीतर पहिल्याच फेरीत तो वॅक्स परत काचेवर लावेल. रिव्हर्स कॅमेऱ्याचं भिंगही पुसून घ्या.

मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, पेंटच्या गाडीला वॅक्स लागलं असेल तर घासून चमकवू नका. तिथला तुकतुकीत डाग पुसताना अधिक पसरतो, आणि पॉलिशने मॅटपणा कायमचा जातो. मॅट पेंटसाठीचा खास क्लीनरच वापरा.

पुन्हा लावताना

हॅचबॅकच्या अख्ख्या बॉडीला १० ते १५ ग्रॅम पेस्ट वॅक्स पुरतं. पत्रा थंड हवा: हाताची पालथी बाजू त्यावर आरामात ठेवता आली पाहिजे. मे महिन्यात विदर्भात ती वेळ सकाळी लवकरच मिळते. लावल्यावर पुसट धुकं दिसावं, पांढरा थर नको. रंग झाकला जात असेल तर जास्त झालं, तिथेच थांबा. दुसरा हात द्यायचाच असेल तर पहिला पूर्ण पुसून, दुसऱ्या दिवशी.

वापरलेली मायक्रोफायबर वेगळी, कोमट पाण्यात धुवा आणि फॅब्रिक कंडिशनर घालू नका, त्याचा थर पुढच्या वेळी काचेवर उमटतो. टर्पेंटाइन लागलेलं फडकं गोळा करून डिकीत टाकू नका. बाहेर मोकळ्या हवेत, आगीपासून लांब, पसरून पूर्ण वाळवा.