आर मध्ये एका पानावर तीन आलेख बसवताना

सांगली-साताऱ्याकडच्या मुलांना स्टॅटिस्टिक्सच्या प्रकल्पासाठी कृष्णेचा पूर हा हाताशी असलेला विषय. कोयनानगरचा पाऊस, धरणातून सोडलेलं पाणी आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी हे तीन आलेख तीन पानांवर गेले, तर वाचणाऱ्याला पानं उलटत बसावं लागतं. आर (R) या आकडेवारीच्या संगणकीय भाषेत ते एका चित्रात सहज येतात. फक्त कमांड शोधण्याआधी तुलना कशाची करायची ते ठरवा.

इथे तुलना तारखांची आहे, म्हणून आलेख एकाखाली एक: आलेखाची मांडणी ठरवणाऱ्या 'पार' (par) कमांडमध्ये 'एमएफरो'ला (mfrow) 3 ओळी, 1 स्तंभ. तिन्हींचा 'एक्सलिम' (xlim), म्हणजे आडव्या अक्षाची सुरुवात आणि शेवट, एकच हवा आणि तो स्वतः लिहून द्यायचा. पावसाच्या नोंदी 1 जूनपासून आणि पातळीच्या 15 जुलैपासून असतील, तर आर प्रत्येक आडवा अक्ष आपल्या हिशेबाने ताणतो. मग वरच्या जोरदार पावसाखाली भलत्याच दिवसाची पातळी दिसते, आणि चूक चटकन लक्षातही येत नाही.

पावसासाठी 'बारप्लॉट' नको. तो तारखा ओळखत नाही. पहिला खांब 0.7 वर, दुसरा 1.9 वर असे आपलेच अंतर धरतो. साध्या 'प्लॉट'मध्ये उभ्या रेघांसाठी 'टाइप' 'एच' ठेवा, रेघेची जाडी म्हणजे 'एलडब्ल्यूडी' (lwd) 3-4 करा, काम झालं. पातळीच्या आलेखावर 40 आणि 45 फुटांना 'एबीलाइन'ने (abline) आडव्या रेघा मारा: पहिली इशाऱ्याची, दुसरी धोक्याची.

खरी डोकेदुखी समासांची. समास ठरवणाऱ्या 'मार'मधले (mar) चार आकडे खाली, डावीकडे, वर, उजवीकडे या क्रमाने असतात आणि ते मजकुराच्या ओळींत मोजतात. मुळातले 5.1, 4.1, 4.1, 2.1 तीनदा लागू झाले तर अर्धं पान रिकाम्या जागेतच जातं. वर-खाली 0.5 ठेवा, बाहेरचा समास 'ओएमए'ने (oma) खाली 4 आणि वर 2 ओळी द्या, वरच्या दोन आलेखांचे आडवे अक्ष 'एक्सएएक्सटी'ला (xaxt) 'एन' देऊन घालवा. समास अगदी 0 केला, तर वरच्या आलेखाचा तळचा आकडा खालच्याच्या माथ्यावरच्या आकड्याला भिडतो. 'फिगर मार्जिन्स टू लार्ज' असं आलं, तर बहुधा आरस्टुडिओची (ज्यात आर चालवतो त्या प्रोग्रामची) आलेखाची खिडकी लहान आहे; कोड मोडू नका, खिडकी ओढून मोठी करा.

ओळी किंवा स्तंभ 3 झाले की आर अक्षरं आपोआप 0.66 पट करतो. ती बारीक वाटली तर 'पार'मध्ये अक्षरांचा आकार ठरवणारा 'सीईएक्स' (cex) 'एमएफरो'च्या नंतर द्या, आधी दिलेला पुसला जातो. पातळीच्या आलेखाला दुप्पट उंची हवी असेल तर 'एमएफरो' सोडून 'लेआउट' घ्या आणि 'हाइट्स'ला 1, 1, 2 द्या. दोन्ही एकत्र चालत नाहीत.

आलेख काढण्याच्या जीजीप्लॉट (ggplot2) या आरच्या दुसऱ्या पॅकेजवर यातलं काहीच चालत नाही, कारण त्याची चित्रयंत्रणाच वेगळी. तिथे पॅचवर्क हे पॅकेज लावा: आलेखांमध्ये तिरकी रेघ (/) दिली की एकाखाली एक, उभी रेघ (|) दिली की शेजारी शेजारी.

साताऱ्याच्या 11 तालुक्यांचा पाऊस दाखवायचा असेल तर जीजीप्लॉटमधलं 'फॅसेट रॅप' (प्रत्येक तालुक्याचा वेगळा छोटा आलेख), 4 स्तंभ. इथे 'फ्री वाय' (प्रत्येक आलेखाचा उभा अक्ष वेगळा) देऊ नका. महाबळेश्वर आणि माण यांचे खांब सारख्याच उंचीचे दिसले, तर माणच्या माणसाला तो आलेख थट्टाच वाटेल. तालुके वर्णक्रमाने न ठेवता क्रम ठरवणाऱ्या 'फॅक्टर'मध्ये घाटमाथ्याकडून पूर्वेकडे असे लावा. पाऊस कसा ओसरत जातो ते न सांगता दिसतं.

जतन करताना माप आधी ठरवा. ए4 पानावर समास सोडून साधारण 6 इंच रुंदी उरते. तेवढ्याच रुंदीत, 8 इंच उंच, 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके). पडद्यावरून 'एक्स्पोर्ट' करून वर्डमध्ये दाबून बसवलेल्या चित्रातली अक्षरं मुंगीएवढी होतात. शीर्षकं मराठीत असतील तर साध्या 'पीडीएफ' कमांडमध्ये अक्षरांच्या जागी ठिपके येतात. 'कैरो पीडीएफ' (cairo_pdf) वापरा आणि शेवटी फाइल बंद करणारं 'डेव्ह ऑफ' (dev.off) लिहा, नाहीतर फाइल उघडतच नाही.