फणसाची बॉडी, जुन्या वाशाचा नेक: आपल्याकडच्या लाकडातून हाताने इलेक्ट्रिक गिटार

इलेक्ट्रिक गिटारला लाकूड कुठलं पाहिजे म्हणून विचारलं की लोक महोगनी, मेपल, ऍश अशी नावं घेतात, आणि ती आपल्याकडं मिळत नाहीत म्हटल्यावर विषय तिथंच संपतो. मिळत नाही म्हणजे काय, आमच्या बेळगावजवळ खानापूर-जांबोटीकडं फणस आहे, आंबा आहे, शिवण आहे, आणि बेळगावच्या शहापूर-वडगावात कुठं ना कुठं जुनं घर पाडायचं काम चालूच असतं, त्यातलं सागवान तर आत्ता विकत घ्यायला गेलात तर परवडणार नाही असलं असतंय.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवून घ्या. मिरजेत सतारीला तून नावाचं लाकूडच का वापरतात याला कारण आहे, तिथं तबलीचं, म्हणजे भोपळ्यावरच्या पातळ फळीचं, लाकूड स्वतः थरथरतं आणि तोच आवाज आपल्याला ऐकू येतो. इलेक्ट्रिकमधे पिकअपला, म्हणजे तारांखाली बसवलेल्या चुंबक आणि तारेच्या वेटोळ्याला, लाकूड कळतच नाही, त्याला फक्त लोखंडी तार त्याच्या चुंबकावर हललेली कळते. म्हणून बॉडीच्या लाकडाकडून आपल्याला चारच गोष्टी पाहिजेत: सुकलेलं असावं, वाकू नये, स्क्रू धरावा आणि खांद्याला झेपावं. एवढं जमलं की बॉडीला वाट्टेल तो प्रयोग करा. नेकला, म्हणजे गिटारच्या लांब दांड्याला, मात्र प्रयोग नको, तिथं सरळ रेषेचं, जुनं, शहाणं लाकूडच घ्या. माझं सगळं सांगणं या दोन वाक्यांत आलं, बाकी खाली सगळं कामाचं.

वजन आधी, सौंदर्य नंतर

नेहमीच्या आकाराची बॉडी कापून झाल्यावर साधारण ४ लिटर लाकूड उरतं. तेव्हा वखारीतून ठोकळा घेण्याआधी त्याच लाकडाचा १० बाय १० सेंटिमीटर आणि ४.५ सेंटिमीटर जाड असा तुकडा मागून घ्या, म्हणजे ४५० घन सेंटिमीटर झाला, तो किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. २८० ग्रॅम भरला तर २८० भागिले ४५०, म्हणजे ०.६२, गुणिले ४, बॉडी अडीच किलोची. हे चालतंय. ३६० ग्रॅम भरला तर बॉडी ३.२ किलो, त्यात नेक, मशीनहेड (तारा पिळायच्या खुंट्या), ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) धरून आणखी दीडेक किलो, म्हणजे गणपतीच्या कार्यक्रमात दोन तास उभं राहून वाजवायचं असेल तर विसरा.

या हिशोबात बाभूळ, चिंच आणि शिसव बॉडीसाठी बाद होतात. दिसायला झकास, पण जड. त्यांचा उपयोग फ्रेटबोर्डला, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या फळीला, करा, तिथं कडकपणाच पाहिजे असतो.

फणस मला सगळ्यात आवडतो. वीणा आणि मृदंगाला तो पिढ्यान्‌पिढ्या वापरलाय, म्हणजे वाद्याला नवीन नाहीच. रंधा मारला की हळदीसारखा पिवळा निघतो आणि उजेडात राहून राहून हळूहळू तपकिरी होत जातो, म्हणून पिवळा रंग बघून हुरळू नका, दोन-तीन वर्षांनी तो वेगळा दिसणार हे धरूनच चला. शिवण हलकं, सुकताना फारसं हलत नाही, पटाशीला मऊ लागतं, पहिल्यांदा करत असाल तर डोळे झाकून शिवणच घ्या. आंबा स्वस्त आणि कधी कधी त्यात काळ्या-तपकिरी रेषा अशा सुंदर येतात की बघत राहावं, पण कीड लगेच लागते, कापल्या कापल्या बोरॅक्स आणि बोरिक ऍसिडचं पाणी मारून ठेवायला लागतं. सिल्व्हर ओक हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, कॉफीच्या मळ्यात सावलीला लावतात तोच, नीट बाजूने चिरला तर जाळीदार नक्षी दिसते. त्याच्या भुश्याने काही जणांच्या अंगाला खाज सुटते, फुल बाह्यांचा शर्ट आणि मास्क घालूनच घासा. मास्क तसा सगळ्याच लाकडांना घाला म्हणा, शिसवाचा भुसा पण काही साधा नाही.

लाकूड आणायचं कुठून

जुन्या घराचं लाकूड विकणाऱ्यांकडं आधी जा. तुळया, वासे, माळ्याच्या फळ्या, दाराच्या चौकटी. हे सगळं कित्येक वर्षं छपराखाली सुकलेलं असतंय, असलं सीझनिंग पैसे देऊन मिळत नाही. घरी आणलं की पहिल्यांदा तारेच्या ब्रशने धूळ काढा आणि जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून सगळ्या बाजूंनी फिरवा. खिळा मोडून आत राहिलेला असला की चुंबक तिथं ओढ घेतं, खडूने खूण करा, गिरमिटाने आजूबाजूचं कोरून तो काढा आणि मगच मशीनवर न्या, नाहीतर रंधावाल्याच्या पात्याला खाच पडली की तो परत तुम्हाला दारात उभा करणार नाही.

ताजं लाकूड घेताना पावती घ्याच. सागवान, शिसव आणि चंदनाला आपल्या शेतातलं झाड असलं तरी तोडायला वनखात्याची परवानगी लागते आणि चंदगडहून किंवा कोल्हापूरकडून महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डर ओलांडून आणत असाल तर नाक्यावर कागद विचारतात. शिसव तर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं असलेल्या झाडांच्या यादीत (CITES) पण आहे. म्हणून शिसव पाहिजेच असेल तर मोडका पलंग नाहीतर जुन्या कपाटाची फळी शोधा, फ्रेटबोर्डला ५०० मिमी लांब, ६० रुंद आणि ७-८ जाड एवढंच लागतंय.

ताजं लाकूड सुकायला ढोबळ हिशोबाने एक इंच जाडीला एक वर्ष. दोन्ही टोकांना जाड पेंट फासा, नाहीतर टोकाकडून आधी सुकतं आणि चिरा जातात. मधे पट्ट्या घालून वारा खेळेल असं रचा, वरून वजन ठेवा. फळीवरच पेन्सिलने तारीख आणि वजन लिहीत जा, महिनाभर वजन जागचं हललं नाही की झालं. आणि चिकटवायचं, पॉलिशचं काम दसऱ्यानंतर धरा. मृगापासून गणपतीपर्यंत खानापूर तालुक्यात भिंतीला ओल येते, तिथं लाकूड काय कोरडं राहणार.

बॉडी

३३० मिमी रुंद अखंड फळी मिळाली तर नशीब, नाहीतर दोन तुकडे मधोमध जोडा. दोन्ही कडा रंध्याने अशा करा की एकमेकांवर ठेवून मागं बॅटरी धरली तर उजेड दिसायला नको. फेव्हिकॉल लावा, शिकंजे आवळा, रात्रभर ठेवा. जाडी ४४-४५ मिमी.

आकाराचा टेम्प्लेट हाताने कापत बसू नका. पेपरवर पूर्ण मापात ड्रॉइंग काढा आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीकडं लेझर कटिंग करतात त्यांच्याकडून ६ मिमी एमडीएफमधे कापून आणा, त्यात नेकची जागा, पिकअपची जागा, सगळं एकदमच येतं. मग बॉडी जिगसॉने रेषेबाहेर ३ मिमी सोडून कापायची आणि टेम्प्लेटच्या कडेने बेअरिंगवाल्या बिटने राऊटर (लाकूड कोरायचं मशीन) फिरवायचा. एका वेळी ५ मिमीच्या वर खोल जाऊ नका. आंब्याच्या उलट्या रेषेत राऊटर घुसला तर सुपारीएवढा तुकडा उडतो, तिथं आधी सॅंडरने रेषेच्या जवळ या.

नेक

तारांचा ताण मिळून किती असतो माहिती आहे? १० नंबरचा सेट (सगळ्यात पातळ तार ०.०१० इंचाची) ६४८ मिमीच्या स्केलला, म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीला, साध्या ट्यूनिंगला साधारण ४६ किलो ओढतो. सिमेंटच्या पोत्याला चार किलो कमी, आणि हे रात्रंदिवस, वर्षानुवर्षं. म्हणून मी प्रयोग नको म्हणतोय.

जुन्या सागवानी वाशातून ७०० मिमी लांब तुकडा घ्या, टोकाकडून बघितलं तर वर्षवलयं उभी दिसली पाहिजेत, आणि रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरळ, गाठ नको. एवढा रुंद सरळ तुकडा सापडत नसेल तर सागवान, मधे शिसवाची पट्टी, परत सागवान असं तीन पट्ट्यांचं करा, उलट ते जास्त ताठ होतं. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवायच्या अगदी आधी ऍसिटोनने पुसा आणि वाळलं की लगेच गोंद लावा. आज पुसून उद्या चिकटवलं तर तेल परत वर आलेलं असतं. त्याच लाकडात वाळूसारखे बारीक कण पण असतात, पटाशी लवकर बोथट होते, धार लावायचा दगड शेजारीच ठेवा.

ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवायला आत घालतात ती सळई, आधी हातात घ्या, मग खाच मारा. बाजारात दोन्हीकडं वाकणारे रॉड मिळतात, त्यांना साधारण ६ मिमी रुंद, ९ मिमी खोल खाच लागते पण प्रत्येकाचं थोडं इकडंतिकडं असतं. आता हिशोब बघा: पहिल्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे फ्रेटबोर्डवरची धातूची आडवी पट्टी) नेक एकूण २१ मिमी, त्यातले ६ घासून झालेल्या फ्रेटबोर्डचे, ९ खाचेचे, म्हणजे मागं ६ मिमीच लाकूड उरलं. कानशीने मागची गोलाई काढताना हे विसरलात तर रॉडला भेटाल.

फ्रेटची मापं: स्केलला १७.८१७ ने भागायचं, आलेलं अंतर म्हणजे नटपासून (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकायची पट्टी) पहिला फ्रेट, उरलेल्या लांबीला परत १७.८१७ ने भागायचं, असंच पुढं. ६४८ ला पहिला ३६.३७, दुसरा ७०.७०, पाचवा १६२.५५, सातवा २१५.५१ आणि बारावा बरोबर अर्ध्यात, ३२४. खुणा करताना प्रत्येक माप नटपासूनच घ्या, स्टीलची पट्टी एकदा चिकटवून ठेवा आणि हलवू नका. एका फ्रेटवरून पुढचा मोजत गेलात तर प्रत्येक वेळची केसभर चूक गोळा होत जाते. खुणा पेन्सिलने नको, धारदार सुरीने.

खाच कापायला फ्रेटचीच करवत मागवा, ती साधारण ०.५८ मिमीची खाच पाडते. हॅकसॉ ब्लेडने जास्त रुंद होते आणि फ्रेट हलायला लागतो. गुण्याला टेकवलेला लाकडी ठोकळा करवतीला आधार म्हणून धरा, हात सावकाश, बाभूळ असेल तर आणखी सावकाश. फ्रेट बसवताना आधी दोन टोकं प्लास्टिकच्या हातोडीने, मग मधे. सगळे बसले की मार्करने सगळ्यांचे माथे काळे करायचे आणि सपाट फाईल सगळ्यांवरून एकदम फिरवायची, सगळ्यांवरचा काळा रंग थोडा थोडा गेला की थांबायचं, मग माथा परत गोल करायचा.

जोडणी

नेकची खाच १६ मिमी खोल, नेकची टाच फ्रेटबोर्डसकट २५ मिमी. खाच घट्टच करा, नेक बसवून नेकला धरून उचललं तर बॉडी स्क्रूशिवाय लटकली पाहिजे. आता ब्रिज लगेच ठोकू नका. नेक लावा, नटच्या दोन टोकांच्या तारांच्या जागेवरून शिवणकामाचे दोन दोरे ब्रिजपर्यंत ओढा आणि दोरे दोन्हीकडं फ्रेटबोर्डच्या कडेपासून सारखे येईपर्यंत ब्रिज डावी-उजवीकडं सरकवा. मागं-पुढं किती? पातळ तारेचा सॅडल (ब्रिजवरचा तार टेकायचा, मागं-पुढं सरकणारा तुकडा) जवळजवळ पूर्ण पुढं घ्यायचा आणि तो नटपासून ६४८ वर ठेवायचा, कारण जाड तारांचे सॅडल आणखी मागं जाणार, त्यांना जागा पाहिजे. हे दोन-तीनदा मोजा, चहा पिऊन या, परत मोजा, मग ड्रिल. नेकच्या स्क्रूला बॉडीतलं भोक सैल आणि नेकमधलं ३ मिमीचं, स्क्रूला साबण चोळा, जुन्या सागवानात कोरडा स्क्रू मुंडकं मोडून देतो.

पॉलिशला चपडी स्पिरिटमधे विरघळवून सुती कापडाने पातळ पातळ हात द्या, फणसावर ती सोन्यासारखी दिसते. ढगाळ हवेत मारू नका, पांढरट धुकं धरतं.

वायरिंगचं फार डोक्यावर घेऊ नका, एक व्हॉल्यूम, एक टोन, बस. हंबकरला (दोन कॉइलचं पिकअप) ५०० के चे पॉट (व्हॉल्यूम-टोनची फिरवायची बटनं), सिंगल कॉइल पिकअपला २५० के. ब्रिजच्या खालून एक वायर ग्राउंडला गेलीच पाहिजे. तरीही गुणगुण येत असेल तर गिटार उघडायच्या आधी घराचं अर्थिंग बघा, आणि लाईट जाऊन स्वस्तातल्या इन्व्हर्टरवर वाजवत असाल तर ती गुणगुण गिटारची नाहीच.

तारा लावल्या की दोन दिवस ट्यून करून तशीच ठेवा. मग गॅरेजवाल्याकडचं फिलर गेज आणा, टॅपेट सेट करतात तेच. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्यापाशी ०.२ मिमीची पात जेमतेम गेली पाहिजे, कमी-जास्त असेल तर रॉड एका वेळी पाव फेरा, त्यापेक्षा जास्त नाही, आणि परत ट्यून करून मोजा. बाराव्यावर पातळ तार १.६ आणि जाड तार २ मिमी वर. हे माप पाऊस लागला की एकदा आणि थंडी पडली की एकदा तपासायचं, नवीन नेक पहिल्या वर्षी थोडा तरी हलणारच.